मॅडम बाहेर बसल्या

चालायचा दिवा हिरवा झाला, सगळे रस्ता ओलांडून गेले, आणि मॅडम तिथेच उभ्या राहिल्या. कुणी अडवलं नव्हतं. गाडी आडवी आली नव्हती. डोक्याने सांगितलं, पाय उचल, आणि पायांनी ऐकलं नाही, एवढंच. मागून आलेल्या एका बाईंची पिशवी त्यांच्या कोपराला लागली. "अहो, चला की," म्हणून त्या बाई पुढे निघूनही गेल्या. दिवा लाल झाला. गाड्या सुटल्या. मॅडमनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. पांढरे बूट, नाड्यांची गाठ दुहेरी, जागच्या जागी. दुसऱ्या कुणाचे पाय असे अडले असते तर त्यांनी मैदानाच्या पार त्या टोकाहून ओळखलं असतं. बावीस वर्षं कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवताना त्यांनी दुसरं केलंय काय? पोरींच्या पायांकडेच तर बघितलंय. चेहरा खोटं बोलतो. विचारलं तर कुठलीही मुलगी म्हणणार, "नाही मॅडम, ठीक आहे मी." पाय बोलतात ते खरं. दमलेली मुलगी आधी हसायची थांबते, मग शिट्टी वाजली की चड्डीची कड मुठीत धरून वाकते, मग तिचा फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेवर आपटायला लागतो. हात नाही, पाय कमी पडलेले असतात. हे सगळं ज्यांना तोंडपाठ, त्या मॅडम भर दुपारी दोन वाजता एका फालतू रस्त्याच्या कडेला खांबासारख्या उभ्या. आणि चार वाजता अंतिम सामना.

दुसऱ्या हिरव्याला पाय उचलले. जणू काही झालंच नव्हतं. पण हॉलच्या दारापर्यंत मॅडम आपल्या बुटांकडेच बघत चालल्या. त्यांनी सगळा दोष संचालकांवर ढकलून पाहिला. तो होताच म्हणा थोडा. सकाळी कॉलेजच्या संचालकांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. टेबलावरच्या काचेवर पेन उभं आडवं फिरवत ते म्हणाले होते, "मॅडम, आज मोठ्या क्लबची दोन माणसं येतायत. कशासाठी येतायत ते मी सांगायला नको. आपली ती उंच मुलगी."

"शिडी," मॅडम म्हणाल्या. संघात सगळ्या तिला शिडीच म्हणत.

"तीच. आज ती बाहेर बसलेली मला दिसता कामा नये. चाळीसच्या चाळीस मिनिटं आत. तुमचं ते आळीपाळीचं खूळ एक दिवस बाजूला ठेवा."

"पस्तीस दिवसांत चौदा सामने झालेत सर. तिचे पाय बघितलेत का तुम्ही?"

"मी पाय बघत नाही, मी गुणांचा फळा बघतो," संचालक म्हणाले. मग आवाज खाली आणून, हसत हसत, "तुमची नेमणूक पुढे चालू ठेवायचं पत्र पुढच्या आठवड्यात माझ्याच सहीने निघतं ना?"

हसत हसत म्हणाले, हेच मॅडमना झोंबलं. चिडून म्हणाले असते तर मॅडमही चिडल्या असत्या, हिशेब फिटला असता. दारातून बाहेर पडताना त्या फक्त "बघते" म्हणाल्या, आणि मग जिना उतरताना स्वतःवरच चरफडल्या. बघते काय बघते! बावीस वर्षांत कुणाला 'बघते' म्हटलं होतं? पहिल्या सरावाला बारा पोरींसमोर उभं राहून त्या दरवर्षी एकच भाषण द्यायच्या. "अंगात जर्सी आहे ती खेळणार. प्रत्येक सामन्यात, बारा जणी, मग समोर कुणीही असो. शोभेला मी कुणाला बसवत नाही." आणि मग मुठीचा नियम. मैदानात दम संपला की बंद मूठ छातीवर ठेवायची. मूठ दिसली की बाकावरची उठणारच, पुढची शिट्टी वाजली की बदली. मूठ दाखवणारीला का म्हणून विचारायचं नाही, 'अजून एकच मिनिट ढकल' असं म्हणायचं नाही, कुणी म्हणजे कुणीच नाही. तिला बाकावर जागा द्यायची, टॉवेल द्यायचा, पाणी द्यायचं. आपण होऊन मूठ दाखवून आली तर ती आपल्या मर्जीने परत जाणार. पण लपवलं, आणि मॅडमना ओढून काढावं लागलं, तर मात्र मॅडमच्या मर्जीने. पहिल्या आठवड्यात सगळ्या पोरी लाजायच्या. महिन्याभरात बिनधास्त मुठी दाखवायला लागायच्या. एकटी शिडी तेवढी अख्ख्या हंगामात एकदाही मूठ दाखवून आली नव्हती. दर वेळी तिला ओढूनच काढावं लागायचं, आणि दर वेळी ती बाकावर येऊन बुटाच्या टाचेने फरशी ठोकत बसायची. "एवढी कसली गं घाई?" मॅडमनी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "मी बाहेर आले आणि माझ्यावाचून अडलंच नाही तर?" मॅडमनी तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली होती.

या प्रश्नाची एक बाजू त्यांना फार चांगली ठाऊक होती. त्या स्वतः कॉलेजात तीन वर्षं बाराव्या होत्या. तीन वर्षं बाकाच्या टोकाला, गुडघ्यावर हात ठेवून, आत्ता बोलावतील, मग बोलावतील. त्यांचे सर चांगले होते, वाईट मुळीच नव्हते, फक्त त्यांची नजर सातव्या मुलीच्या पुढे कधी पोचायची नाही. सामना संपला की त्या घरी जाऊन जर्सी खुंटीला अडकवायच्या, आणि आई ती काढून धुवायची. घामाचा टिपूस नसलेली, घडीही न मोडलेली जर्सी आई प्रत्येक सामन्यानंतर साबण लावून, घासून, पिळून दोरीवर टाकायची. तिने एकदाही विचारलं नाही की आज खेळलीस का गं. त्या विचारण्यापेक्षा ते धुणंच जास्त लागायचं. दोरीवर इतरांच्या कपड्यांत ती जर्सी वाऱ्याने फडफडायची आणि मॅडम, तेव्हा कुठल्या मॅडम, एकोणीस वर्षांची पोर, खिडकीत उभी राहून दातओठ खायची. आपल्या हातात संघ आला ना, तर एकही जर्सी कोरी घरी जाऊ देणार नाही, हे तेव्हाच ठरलं होतं. ते त्यांनी पाळलं. संचालक तीन बदलले, हॉलचं छत बदललं, ते बदललं नाही. लोक हसले, "यांचा संघ म्हणजे धर्मशाळा, कुणीही या आणि खेळा." हसू देत. शेवटच्या क्वार्टरमध्ये बाकीचे संघ जिभा बाहेर काढून धावायचे तेव्हा यांच्या पोरी ताज्या असायच्या. ते मात्र कुणाला दिसायचं नाही.

दुसरी बाजू वडिलांची. वडील छापखान्यात मोठ्या यंत्रावर होते. एकतीस वर्षं. रजा नाही, आजारपण नाही, जेवताना घास हातात धरून झोपी जायचे तरी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. "माझ्याशिवाय ते चालत नाही, हट्टी आहे," असं यंत्राबद्दल कौतुकाने सांगायचे, आपण घरात लाडक्या लेकराबद्दल सांगतो तसं. मग निवृत्त झाले. तिसऱ्या दिवशी डबा विसरलाय असं निमित्त काढून बघायला गेले. यंत्र चालू होतं. कुणी एक बाई त्यावर होती, कानात कापूस घालून, आरामात. परत आले, चपला काढल्या, आईला म्हणाले, "चाललंय." बस. पुढे सहा वर्षं जगले पण छापखान्याचं नाव काढलं नाही. यंत्र बंद पडलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, ही गोष्ट मॅडमना तेव्हा कळली आणि तेव्हापासून ती त्यांच्या मागे लागली. म्हणून तर, पोरींसाठी बारा जणींचा बाक भरणाऱ्या या बाईंनी स्वतःसाठी एक खुर्चीही ठेवली नव्हती. सकाळी सहाचा सराव त्यांचा, संध्याकाळचा त्यांचा, कुणाचं बोट मुरगळलं तर बर्फ लावायलाही त्याच. त्यांच्या हाताखाली धाकट्या मॅडम होत्या. नऊ वर्षांपूर्वी याच संघातून खेळून गेलेली चुणचुणीत मुलगी. पोरी तिला नुसतं धाकटी म्हणायच्या. चार वर्षं ती मॅडमच्या शेजारी उभी होती, डोळ्यांत तेल घालून सगळं टिपत होती, आणि चार वर्षांत तिला एक बदलीसुद्धा स्वतः ठरवू दिलेली नव्हती. तिने काही सुचवलं की मॅडम म्हणायच्या, "थांब गं." ती थांबायची.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत संचालक, त्यांच्या उजवीकडे क्लबची दोन माणसं, एकाच्या मांडीवर वही. सामना सुरू झाला आणि पहिली दोन क्वार्टर बरी गेली, पुढे एका गुणाने, मागे दोन गुणांनी, असं चाललं होतं. मॅडमनी अकरा जणी खेळवल्या. पण शिडीला काढलं नाही. आधी त्यांनी स्वतःला सांगितलं, अजून दमली कुठेय. मग सांगितलं, मधल्या सुट्टीत विश्रांती होतेच की. तिसऱ्या क्वार्टरमध्ये शिडीने चड्डीची कड मुठीत धरली. मॅडमनी पाहिलं. संचालकांनी मॅडमना पाहताना पाहिलं. धाकटी कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, शिडी."

"थांब गं," मॅडम म्हणाल्या.

आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना किळस आली, स्वतःची. बघितलं आणि काढलं नाही, असं बावीस वर्षांत पहिल्यांदा घडत होतं. एक पत्र, एक सही, पुढच्या आठवड्याची, आणि तेवढ्याने माणूस आंधळा होतो? शिडी आता धावत नव्हती, नुसती पोचत होती. बचावाला सगळ्यांत शेवटी. बाकाच्या टोकाला बारावी मुलगी बसली होती, मौनी, वर्षभरात जी दहा वाक्यंही बोलली नसेल अशी, आणि तिचे हात गुडघ्यांवर होते. मॅडमनी तिकडे बघायचं टाळलं. चौथं क्वार्टर लागलं. सात मिनिटं उरली, दोन गुण मागे, आणि शिडीला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला रिंगच्या पुढच्या कडेवर आपटला. दुसरा तर कडेपर्यंतही गेला नाही, खालच्या जाळीला चाटून पडला. हॉलमधून "अरेरे" उठलं. मॅडमचा उजवा हात आपोआप वर गेला, छातीपाशी, आणि बोटं घट्ट मिटली. त्यांना काही दाखवायचं नव्हतं. राग होता तो. आत काहीतरी सुटून पडेल असं वाटलं म्हणून त्यांनी धरून ठेवलं होतं इतकंच.

चेंडू बाहेर गेला, पंचांची शिट्टी झाली, आणि संघाची कप्तान भिंगरी, पाच फुटांचीही नसेल, तरातरा चालत सीमारेषेपाशी आली.

"मॅडम, तुम्ही मूठ दाखवलीत."

"काय?"

"मूठ." तिने स्वतःच्या छातीवर करून दाखवली. "आम्ही सगळ्यांनी बघितली."

मॅडमनी खाली पाहिलं. मूठ अजून तिथेच होती. "अगं वेडे, ती तशी नाही. मी सहज..."

"का ते विचारायचं नसतं," भिंगरी म्हणाली. "बसा मॅडम. धाकटी आहे ना." आणि पळाली.

ती चेष्टा करत नव्हती, हीच तर पंचाईत. बाकावरच्या सातही जणी सरळ चेहऱ्याने त्यांच्याकडे बघत होत्या, जशा कुठल्याही दमून आलेल्या मुलीकडे बघतात. एकीने सरकून जागा केली. मौनीने टॉवेल पुढे धरला. मॅडमच्या तोंडाशी उत्तर आलं होतं, अगं तो नियम खेळणाऱ्यांचा, मी का खेळतेय? पण पंच वाट बघत होते, धाकटी पांढरीफटक पडून उभी होती, आणि मॅडमना एकदम दुपारचा तो रस्ता आठवला, आणि न उचललेले पाय, आणि हेही कळलं की या पोरी चुकल्या असल्या तरी खोट्या नव्हत्या. आपणच केलेला नियम आपल्यापुरता मोडायचा? ते काम संचालकांचं. मॅडम चार पावलं चालल्या आणि बसल्या. बाकाच्या टोकाला, मौनीच्या शेजारी. पाणी प्यायल्या. बसल्यावर समजलं की पोटऱ्या थरथरतायत, आणि किती दिवसांपासून थरथरतायत कुणास ठाऊक.

धाकटीने एकदा वळून त्यांच्याकडे पाहिलं. मॅडमनी डोळ्यांनी काहीही सांगितलं नाही. बावीस वर्षांतलं ते सगळ्यांत अवघड काम होतं, एक भुवई न हलवणं. धाकटीने ओठ चावला, मग हात वर केला आणि म्हणाली, "शिडी बाहेर. मौनी, जा."

मौनी अशी उठली की टॉवेल मॅडमच्या मांडीवरच राहिला. शिडी येऊन धपकन शेजारी बसली, घामाने निथळत, टाच ठोकायलाही त्राण नव्हतं. "मॅडम, मला का काढलं?"

"मला विचारू नकोस. मीही काढलेलीच आहे," मॅडम म्हणाल्या आणि तोच टॉवेल तिच्या डोक्यावर टाकला.

मिनिटभरात संचालक रांगेतून उठून बाकामागे आलेच. मान वाकवून, दात न उघडता म्हणाले, "हा काय पोरखेळ चाललाय? तिला आत पाठवा."

"मी बाहेर आहे सर. तिला विचारा."

"ती कोण?"

"आत्ता संघ ज्यांच्या हातात आहे त्या. धाकट्या नाहीत, मॅडमच म्हणा."

"मी तुम्हाला सकाळी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंत. आणि लाज वाटते सांगायला, पण तीन क्वार्टर मी ऐकलंही. आता नाही ऐकत." हे मॅडम एवढ्या मोठ्याने बोलल्या की क्लबच्या माणसाने वहीतून मान वर केली. "त्यांना दमलेली मुलगी दाखवायचीय का तुम्हाला? ती त्यांनी बघितली. दोन फ्री थ्रो बघितले त्यांनी. आता थोडं थांबा, खरी दाखवू."

संचालकांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण हॉल भरलेला होता. ते तिथेच उभे राहिले. फळ्यावर पिछाडी दोनाची सहा झाली, सहाची आठ. मौनीने एक चेंडू हातातून सोडला, आणि मग एक असा हिसकावून घेतला की तिची ती स्वतःच दचकली. तिच्या पाठीवर घामाचा डाग उमटायला लागला, आधी बोटाएवढा, मग तळहाताएवढा. मॅडम त्या डागाकडेच बघत होत्या. धाकटी सीमारेषेवर येरझाऱ्या घालत होती. एक बदली मॅडमनी केली नसती अशी केली, आणि ती बरोबर निघाली. मॅडमच्या काळजात कळ आली, अगदी खरी कळ, वडिलांना आली असेल तीच. चाललंय. त्यांनी ती कळ येऊ दिली. कळीबरोबर आणखी एक काहीतरी आलं, जे वडिलांना बहुतेक मिळालं नव्हतं, कारण त्यांच्या यंत्रावरच्या त्या बाईला त्यांनी शिकवलेलं नव्हतं. हिला आपण शिकवलंय. थांब गं, थांब गं म्हणत का होईना.

दोन मिनिटं उरली तेव्हा धाकटीने शिडीला हाक मारली. शिडी उठली आणि गेली, आणि पहिल्याच परतीच्या धावेत ती बचावाला सगळ्यांच्या आधी उभी होती. पिछाडी आठाची पाच, पाचाची तीन, तिनाची एक. क्लबचा माणूस वहीत काही लिहीत नव्हता, नुसता बघत होता. शेवटच्या चार सेकंदांत भिंगरीने चेंडू दिला, शिडी उडाली, पाय पूर्ण ताणून, आणि चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आदळला, दोनदा फिरला, आणि बाहेर पडला. हरले. एका गुणाने हरले. पण चेंडू कमी पडला नव्हता, जास्त गेला होता. शंभर दमल्या पायांतले दोन ताजे पाय ओळखायला मॅडमना फळा लागत नव्हता.

संचालक झपाट्याने पुढे आले. आता हसत नव्हते. "झालं समाधान? उद्यापासून हा संघ तुमच्याकडे नाही. पत्र उद्याच काढतो."

मॅडम बाकावरून उठल्या नाहीत. पाय लांब करून, आरामात बसल्या होत्या. "काढा की. खुशाल काढा. पण माझ्या जागी कुणाला उभं करणार? बाहेरून आणलात तर वर्षाच्या मध्यावर कोण येतंय? आणि हिला केलंत, तर आज बघितलंत ना ही काय करते? त्या बारा जणींतली कुठलीही उचला, तीही हेच करेल. एकटी मी असते तर तुम्हाला सोपं होतं सर."

संचालकांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीचा चेहरा घामाने चिंब होता, आवाज बसला होता. तिने नजर खाली घातली नाही. "शिडीला मी काढलं सर," ती म्हणाली. "पुन्हा दमली तर पुन्हा काढेन." त्यावर ते काहीतरी पुटपुटले आणि क्लबच्या माणसांच्या मागे धावत गेले, कारण ती दोघं त्यांच्यासाठी न थांबता शिडीशीच बोलायला निघाली होती.

पोरी येऊन बाकाभोवती पडल्या, कुणी रडत होती, कुणी रडणारीला टपली मारत होती. मौनी म्हणाली, "मॅडम, माझी जर्सी बघा ना," आणि ओली पाठ फिरवून दाखवली. वर्षभरातलं तिचं ते सगळ्यांत लांब वाक्य असावं. मॅडम उठायला गेल्या तशी धाकटीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत खाली बसवलं.

"उद्या सराव सहाला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग मॅडमकडे वळून, "तुम्ही सोडून. तुम्ही झोपा."

"आणि परवा?" मॅडमनी विचारलं.

"परवाही मी आहे."

मॅडमनी तोंड उघडलं. थांब गं, असं जिभेवर आलेलंही होतं. त्या म्हणाल्या, "बरं."